तीन वर्षांवर थांबावे की छोट्या महाविद्यालयातच ऑनर्सचे चौथे वर्ष करावे?

प्रश्न : द्राक्षबागेतली (तासगाव तालुका)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असून माझा मुख्य विषय अर्थशास्त्र आहे. आमची तुकडी २०२४-२५ ची, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाची; त्यात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. पाचवे सत्र संपत आले आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी विभागप्रमुख सरांनी वर्गात येऊन, चौथ्या वर्षाला कोण थांबणार आहे त्यांनी नावे द्यावीत, असे सांगितले. मुख्य विषय म्हणून अर्थशास्त्र घेतलेले आम्ही एकोणीस जण आहोत. त्या एकोणिसांपैकी चौघांनी हात वर केले आणि त्यातले दोन हात, मला वाटते, केवळ सरांचे मन राखण्यासाठी वर गेले होते. माझा हात खरा होता, परंतु घरी आल्यावर मला कोणत्याच प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही.

वडिलांचे म्हणणे असे की, तीन वर्षांत पदवी मिळत असताना त्याच महाविद्यालयात, त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसून नेमके काय मिळणार आहे? आईला मी बी.एड. करावे असे वाटते. मामा पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या वर्गाला नाव घालण्यास सांगत आहेत. मला स्वतःला पुढे शिकायचे आहे आणि एक विषयही मनात आहे. आमच्याकडे आता द्राक्षबाग असली तरी आजोबांच्या काळात हळद होती, आणि ती हरिपूरच्या पेवांत ठेवली जात असे. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळच्या त्या जमिनीत खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटात मोठी अशी ती पेवे होती. पेव उघडल्यावर आत लगेच उतरायचे नाही, आधी हवा खेळू द्यायची आणि कंदील सोडून पाहायचा, असे आजोबा सांगत. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांपैकी कितीतरी पेवे निकामी झाली. आज तीच हळद गोदामांत आणि शीतगृहांत राहते. साठवणुकीची पद्धत बदलल्यामुळे शेतकऱ्याची भावासाठी थांबण्याची ताकद वाढली की कमी झाली, हे मला शोधायचे आहे.

आमच्या विभागाची स्थिती अशी आहे की कायम अध्यापक दोनच आहेत. विभागप्रमुख पीएच.डी.चे गाईड आहेत, दुसऱ्या मॅडमची पीएच.डी. झालेली आहे, परंतु त्या अजून गाईड नाहीत, आणि उरलेले तास सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) सर घेतात. ग्रंथालय चांगले आहे, पण अर्थशास्त्राची नवी पुस्तके फार नाहीत. पहिल्या चार सत्रांत मला सरासरी ७८ टक्के गुण आहेत. गावाहून एस.टी.ने येऊन-जाऊन असल्यामुळे वसतिगृहाचा खर्च नाही, आणि हीच गोष्ट घरच्यांना पटण्यासारखी आहे.

तर अशा छोट्या महाविद्यालयात ऑनर्स करणे योग्य ठरेल का? ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त अध्यापक, सातारा

चौथ्या वर्षाच्या दोन वाटा आहेत. आपल्या विभागात त्यांपैकी कोणती सुरू होणार आहे हे आपण लिहिलेले नाही; बहुधा आपल्यालाही ते कोणी सांगितलेले नसावे. एक साधी ऑनर्स पदवी आहे आणि दुसरी रिसर्चसह ऑनर्स. दोन्हींना एकूण क्रेडिट्स (श्रेयांक) सारखीच लागतात, म्हणजे तीन वर्षांची १२० ते १३२ आणि चौथे वर्ष धरून १६० ते १७६, परंतु शेवटच्या वर्षात करायचे काम वेगळे असते. रिसर्चच्या वाटेवर १२ क्रेडिट्सचा संशोधन प्रकल्प असतो, तर साध्या ऑनर्सला त्याऐवजी अधिकचे विषय शिकावे लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात रिसर्चच्या वाटेसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. ती आपण आजच्या घडीला पूर्ण करता. मात्र आयोगाची विभागासाठीही एक अट आहे आणि विद्यार्थ्यांपर्यंत ती क्वचितच पोचते. रिसर्चसह ऑनर्स चालवणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक असावे लागतात. आपण लिहिल्याप्रमाणे आपल्याकडे असे अध्यापक एकच आहेत. मॅडमना मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळेपर्यंत आपल्या महाविद्यालयात साधी ऑनर्सच होऊ शकेल, असा याचा अर्थ निघतो. ही गोष्ट विभागप्रमुखांना स्पष्ट शब्दांत विचारा. विचारण्यात संकोच करू नका; ज्या अध्यापकाला आपल्या विभागाची काळजी आहे त्याला हा प्रश्न आवडतो, हे मी एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

फरक केवळ गुणपत्रिकेवरच्या शब्दांचा नाही. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असणाऱ्याला एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते, आणि राखीव प्रवर्गांतील व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. कागदावर हे साध्या ऑनर्सलाही लागू आहे. परंतु ज्याने आयुष्यात एकदाही प्रश्नावली तयार केलेली नाही, चार लोकांना भेटून माहिती गोळा केलेली नाही आणि वीस पानांचे लेखन कोणाकडून तपासून घेतलेले नाही, त्याने मुलाखतीला समितीसमोर बसून काय सांगावे?

पालकांना एक हिशेब अवश्य दाखवा. तीन वर्षांची पदवी अधिक दोन वर्षांचे एम.ए. ही पाच वर्षे, आणि चार वर्षांची ऑनर्स अधिक एक वर्षाचे एम.ए. ही सुद्धा पाचच वर्षे. एम.ए. करायचे नक्की असेल तर चौथे वर्ष वाया जात नाही. फक्त ते आपण कोणत्या इमारतीत काढता एवढाच प्रश्न उरतो. एम.ए. करायचेच नसेल, तर मात्र वडिलांचा मुद्दा बिनतोड आहे, कारण राज्यसेवेच्या परीक्षेला तीन वर्षांची पदवी पुरते.

आपल्या विषयाविषयी थोडे. गावाजवळचा विषय म्हणजे हलका विषय, असा एक गैरसमज आपल्याकडे मुळे धरून बसलेला आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने स्वातंत्र्यापूर्वी आमच्या वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली होती, आणि ती करणारे धनंजयराव गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन जमाखर्च विचारणे हे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. हरिपूरच्या पेवांचा विषय मला स्वतःला फार आवडला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तो आणला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

उत्तर २ : पंचगंगा_घाट (कोल्हापूर)

सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. जुन्या पद्धतीने तीन वर्षांची बी.ए. करून शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्राचे एम.ए. केले, सेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालो, आणि सध्या दोन महाविद्यालयांत सीएचबीवर शिकवतो. आपण ज्यांना ‘सीएचबीवरचे सर’ म्हटले आहे, त्यांच्यातलाच एक समजा.

माझा सल्ला असा की तीन वर्षे झाली की बाहेर पडा. अध्यापक वाईट असतात म्हणून हे म्हणत नाही. माझे पहिले दोन चांगले शिक्षक मला खेड्यातल्या महाविद्यालयातच भेटले. प्रश्न असा आहे की ज्या तीन-चार माणसांनी आपल्याला तीन वर्षे शिकवले, त्यांना जे ठाऊक होते ते बहुतेक त्यांनी शिकवून झालेले असते. चौथ्या वर्षी विषयांची नावे जड होतात, परंतु शिकवणारे तेच राहतात आणि ऐकणारे चारच उरतात. त्या चौघांपैकी दोघांनी नुसते मन राखण्यासाठी हात वर केला असेल, तर चर्चा तुम्ही कोणाशी करणार? विद्यापीठात मला सर्वांत जास्त शिकवले ते बरोबरच्या मुलांनी. सोलापूरकडचा एक मित्र दुष्काळी भागातल्या छावण्यांविषयी बोलायचा, एक मैत्रीण गडहिंग्लजची होती, आणि आमचे वाद खानावळीत सुरू होऊन वसतिगृहाच्या पायऱ्यांवर संपायचे. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे खंड हाताळायला मिळाले. तसे काही आमच्या महाविद्यालयात कधी दिसले नव्हते.

दुसरा मुद्दा नोकरीचा. सहायक प्राध्यापक व्हायचे असेल तर पदव्युत्तर पदवी लागतेच, तीही किमान ५५ टक्क्यांनी, आणि त्याबरोबर नेट किंवा सेट. म्हणजे ऑनर्स करूनही एम.ए. चुकत नाही. दोन वर्षांच्या एम.ए.मध्ये पहिले वर्ष विषयाची ओळख करून घेण्यात जाते आणि दुसऱ्या वर्षी काही हाती लागू लागते. एका वर्षाच्या एम.ए.ला गेलेला विद्यार्थी विद्यापीठात पोचेपर्यंत निघायची वेळ झालेली असेल, अशी मला भीती वाटते. सांगली ते कोल्हापूर हे पन्नास किलोमीटरच्या आसपासचे अंतर आहे. ते काही परदेश नव्हे.

हळदीच्या विषयाला मात्र माझाही पाठिंबा आहे. तो एम.ए.लाही करता येईल, एवढेच सुचवतो.

उत्तर ३ : चार_भिंती (सातारा)

मी साताऱ्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात इतिहास विषयात रिसर्चसह ऑनर्स करत आहे. स्वायत्त महाविद्यालयांत नवा अभ्यासक्रम २०२३-२४ मध्ये, म्हणजे तुमच्याआधी एक वर्ष सुरू झाला, त्यामुळे मी सध्या सातव्या सत्रात आहे. आमच्या तुकडीतल्या कोणाचीही चार वर्षांची पदवी अजून हातात आलेली नाही. म्हणून पुढे फायदा काय होईल यावर मी बोलणार नाही. हे वर्ष प्रत्यक्ष कसे जाते तेवढेच लिहिते.

जूनमध्ये आम्ही सात जण होतो, आता पाच आहोत. एका मैत्रिणीचे लग्न ठरले आणि एक मुलगा पोलीस भरतीच्या तयारीला गेला. पाच जणांचा वर्ग म्हणजे काय, हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. मोठी वर्गखोली मिळत नाही, म्हणून तास विभागाच्या खोलीतच, कपाटे आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांच्या मधोमध टेबलाभोवती बसून होतात. वाचून न आल्यास लपायला जागा नसते. आमच्या सरांना पहिल्या वर्षाचेही तास असतात आणि परीक्षेचे कामही असते, त्यामुळे वेळापत्रकात कात्री लागते ती नेहमी आमच्याच तासाला, कारण पाच जणांना ‘उद्या बसू’ असे सांगणे ऐंशी जणांना सांगण्यापेक्षा सोपे असते. सुरुवातीला याचा राग आला. नंतर आम्हीच शनिवारची दुपार ठरवून घेतली आणि ती कधी चुकली नाही.

माझा विषय साताऱ्यातले जुने हौद हा आहे. प्रस्ताव लिहिताना मी ‘सातारा शहराचा पाणीपुरवठा’ असे भलेमोठे शीर्षक दिले होते. गाईडनी ते वाचून फक्त एवढेच विचारले की, मार्चपर्यंत तुम्ही यातले किती हौद स्वतः पाहणार आहात? तीनदा शीर्षक बदलून शेवटी मी एका पेठेवर आले. महादऱ्याहून शहरात पाणी कसे आणले गेले याविषयी छापील माहिती मिळते, पण कोणत्या हौदावर कोणाला पाणी भरता येत असे आणि कोणाला येत नसे, हे मला पेठेतल्या वयस्कर बायकांनी सांगितले. त्यातल्या एका आजींनी तर उलट माझीच चौकशी केली, आणि मी कुठल्या गावची व कोणाची हे समाधानकारक कळल्यानंतरच त्या बोलू लागल्या. अशा मुलाखतींना वेळ लागतो आणि तो वेळ वेळापत्रकात कुठेच छापलेला नसतो. शिवाय छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातले, म्हणजे १८१८ ते १८३९ मधले काही कागद वाचता यावेत म्हणून मी मोडी शिकत आहे. अजून एक ओळ वाचायला मला दहा मिनिटे लागतात.

पंचगंगा_घाट यांनी सोबतीविषयी जे लिहिले ते खरे आहे, आणि मी ते नाकारणार नाही. तीन वर्षे बरोबर असलेल्या मैत्रिणी गेल्या की कॅन्टीनला जावेसे वाटत नाही. स्नेहसंमेलनात आम्ही पाहुण्यांसारखे बसतो, आणि पहिल्या वर्षाची मुले आम्हांला अध्यापक समजून नमस्कार करतात. एकटेपणाचा त्रास मला ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त झाला. परंतु तीन वर्षांत माझे कोणतेही लेखन कोणी पानावर पेन ठेवून वाचलेले नव्हते, आणि या चार महिन्यांत माझी अठरा पाने दोनदा वाचून परत आली आहेत. माझ्या प्रत्येक ‘असे दिसते’ याच्या शेजारी गाईडनी ‘कुठे?’ असे लिहिलेले असते. ऐंशी विद्यार्थ्यांच्या एम.ए.च्या वर्गात हे मिळाले असते का, हे मला सांगता येणार नाही. मिळाले असते तर कोल्हापूरचे मत बरोबर धरा.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हळदीचा हंगाम आणि आपली सत्रे यांचा मेळ घालून पाहा. काढणी, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश होऊन नवी हळद सांगलीच्या बाजारात येते ती साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून, आणि सौदे उन्हाळाभर चालतात. तुम्ही सातव्या सत्रात विषय ठरवून आठव्या सत्रात बाजारात गेलात, तर ज्या दिवसांत आवक सर्वांत जास्त असेल त्याच दिवसांत तुम्हांला प्रबंध लिहून द्यायचा असेल. तुम्ही माहिती गोळा करणार केव्हा आणि लिहिणार केव्हा? पण सहावे सत्रही जानेवारीतच सुरू होते आणि त्यात चार क्रेडिट्सची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायचे प्रशिक्षण, आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी ती झेरॉक्सच्या दुकानात किंवा ओळखीच्या पतसंस्थेत सही-शिक्क्यापुरती उरकली. मी ती शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात दप्तरांच्या याद्या करण्यात घालवली आणि माझा विषय मला तिथेच सापडला. तुम्ही ती मार्केट यार्डात, एखाद्या अडत दुकानात करा. उघड लिलाव कसा होतो, पोत्यातली हळद हातावर घेऊन व्यापारी काय पाहतात, अडत, तोलाई आणि हमाली कोणाच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून) कापली जाते, हे सगळे रोज डोळ्यांसमोर होईल. चौथे वर्ष तिथे करा, कोल्हापूरला करा किंवा करूच नका. हा हंगाम तुमच्या हाती राहील.

आणखी एक लहानशी सूचना. प्रश्नावली मराठीतच तयार करा आणि मराठीतच भरून घ्या. माझ्या एका सहाध्यायिनीने इंग्रजी नमुना उतरवून घेतला होता, आणि ‘आपली समाधानाची पातळी एक ते पाचमध्ये सांगा’ असे विचारल्यावर एका शेतकऱ्याने तिला पाण्याची पातळी सांगितली.

उत्तर ४ : मिरजेचे पालक

मी आपल्या वडिलांच्या जागी उभा राहून लिहितो. माझा मुलगा विज्ञान शाखेत आहे आणि पुढच्या वर्षी आमच्याही घरात हाच प्रश्न येणार आहे. मुलांना काय शिकायचे आहे हे आम्हांला कळत नाही अशातला भाग नाही. आम्हांला आकडा हवा असतो. चौथ्या वर्षाचे शुल्क किती, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती चौथ्या वर्षालाही चालू राहील का, आणि विद्यार्थी संख्या कमी पडली म्हणून मध्येच वर्ग बंद झाला तर मुलांना कोठे सामावून घेणार, या तीन गोष्टी कार्यालयातून लेखी आणाव्यात. घरात अर्धा वाद तिथेच संपेल. तोंडी उत्तरावर विसंबू नये. टेबलामागची व्यक्ती बदलली की उत्तर बदलते.

उत्तर ५ : निवृत्त अध्यापक, सातारा

चार_भिंती यांनी ओजेटीचा जो मुद्दा मांडला तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमच्या काळी हा प्रकार नव्हता. त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. कोल्हापूरच्या मित्रांच्या आक्षेपावर एवढेच सुचवितो की, विद्यार्थ्याची क्रेडिट्स आता अकॅडमिक बँकेत, म्हणजे त्याच्या क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात, त्यामुळे चौथे वर्ष दुसऱ्या महाविद्यालयात करण्याची वाटही तत्त्वतः मोकळी आहे. आपल्या विभागात रिसर्चची वाट नसेल, तर ज्या विभागात दोन-तीन मार्गदर्शक आहेत असा विभाग सांगली, सातारा किंवा कोल्हापुरात आतापासूनच पाहून ठेवावा. साताऱ्यात आणि इतरत्र ‘कमवा आणि शिका’ योजना चालवणारी महाविद्यालये आहेत. वसतिगृहात राहावे लागले तर ऑनर्सच्या विद्यार्थ्यांनाही त्या योजनेत काम मिळते का, तेही विचारून घ्यावे.

द्राक्षबागेतली (तासगाव तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. सुट्टीनंतर मी विभागप्रमुख सरांना भेटले आणि इथे सुचवलेले प्रश्न एका कागदावर लिहून नेले. सरांनी कागद हातात घेऊन आधी विचारले, ‘हे कोणी सांगितले?’ मी खरे ते सांगितले. त्यांना राग आला नाही.

आजच्या स्थितीत आमच्याकडे साधी ऑनर्सच सुरू होऊ शकते, हे त्यांनी मान्य केले. मॅडमचा गाईडशिपचा प्रस्ताव विद्यापीठात गेलेला आहे. तो जूनपूर्वी मंजूर झाला तर रिसर्चची वाट उघडेल, अन्यथा नाही, आणि त्याविषयी कोणतेही आश्वासन देणार नाही, असे सरांनी सांगितले. त्यांनी आश्वासन दिले नाही, म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. मान्यता आली तर मी इथेच थांबेन. न आल्यास साध्या ऑनर्ससाठी न थांबता तीन वर्षांची पदवी घेऊन कोल्हापूरला दोन वर्षांच्या एम.ए.ला अर्ज करेन. वडिलांना हे दोन्ही पर्याय समजावून सांगितले. पाच वर्षांचा हिशेब त्यांना लगेच पटला. मिरजेच्या काकांनी सांगितलेल्या तीन प्रश्नांचा अर्ज मी कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. लेखी उत्तर यायचे आहे.

ओजेटीचे मात्र ठरले. आमची हळद पूर्वी ज्या अडत्यांकडे जायची त्यांचा मुलगा आता दुकान पाहतो, आणि त्याने जानेवारीपासून रोज सकाळी येण्यास होकार दिला आहे. दुकानात मुलगी काय करणार, असे तिथल्या दिवाणजींनी वडिलांना फोनवर विचारले, तेव्हा ‘ती पट्ट्या लिहील, तिचे अक्षर चांगले आहे’ असे वडील म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या शिक्षणाची इतकी भलामण मी पहिल्यांदाच ऐकली.

आता एक शेवटची विनंती चार_भिंती ताईंना आहे. येत्या गुरुवारी मी हरिपूरला जाणार आहे. ज्यांच्याकडे पूर्वी पेवे होती अशा दोन कुटुंबांची ओळख निघाली आहे. पेव बुजवले ते वर्ष, त्या वेळी आत किती पोती होती आणि त्यानंतर हळद कोठे ठेवू लागले, एवढे तीनच प्रश्न मी लिहून काढले आहेत. पहिल्या भेटीत याहून अधिक विचारावे का, की त्यांना बोलू द्यावे आणि घरी येऊन लिहावे? वही समोर उघडलेली चालते का?

चार_भिंती (सातारा)

तीनच प्रश्न पुरे आहेत, आणि तेही शेवटी विचारा. वही पिशवीत ठेवा. आजोबांचे नाव आधी सांगा. त्यांची हळद ज्या पेवात असायची ते पेव कोणाचे होते, इथूनच बोलणे सुरू होईल. परत येताना एस.टी.त बसल्या बसल्या लिहून काढा, घरी पोचेपर्यंत थांबू नका.